हिरव्या पाण्याची निगा

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, शहरांतील पुष्कळ घरांतून हल्लीं काचेच्या मत्स्यपेट्या दिसतात. त्यांपैकीं बहुतेक गोड्या पाण्याच्या असतात. परंतु कांहीं हौशी मंडळी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवतात, आणि त्यांतलींही थोडीं माणसें आणखी पुढें जाऊन समुद्रांतील माशांचीं पिलें घरच्या घरीं वाढविण्याचा उद्योग करतात. अशा घरांतील फ्रीज उघडला तर दुधाच्या पातेल्याशेजारीं गर्द हिरव्या पाण्याची एक बाटली उभी असलेली आढळते. पालकाचा रस समजून ती कोणी तोंडाला लावूं नये म्हणून तिच्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठीही डकविलेली असते. ही बाटली कसली, ती तेथें कां ठेवावी लागते आणि कशी ठेवली असतां तिच्यांतील जीव जगतात, ह्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

समुद्राच्या पाण्यांत लाटांबरोबर व प्रवाहाबरोबर वाहत जाणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. व्हिक्टर हेन्सन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७ सालीं त्यांना ‘प्लँक्टन’ असें नांव दिलें. ज्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें आहे त्याचा अर्थ भटकणारा असा आहे. आपल्याकडे त्यांना प्लवक म्हणतात. ह्यांपैकीं जे प्लवक झाडांप्रमाणें सूर्यप्रकाशाच्या बळावर आपलें अन्न आपणच तयार करतात, ते वनस्पतिप्लवक होत. जमिनीवर गवताचें जें काम, तेंच समुद्रांत ह्यांचें काम. पृथ्वीवर दरसाल प्रकाशाच्या योगानें जेवढें अन्न तयार होतें, त्याचा जवळजवळ निम्मा वांटा हे डोळ्यांना न दिसणारे जीव उचलतात.

घरगुती बाटलींत बहुधा नॅनोक्लोरॉप्सिस नांवाचा वनस्पतिप्लवक असतो. त्याची एक पेशी म्हणजे एक संपूर्ण जीव, आणि तिचा व्यास अवघा २ ते ४ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या दाट हिरव्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्यें ह्या पेशींची संख्या कोटीच्या घरांत जाते. म्हणजे चहाच्या एका चमच्यांत एखाद्या मोठ्या देशाच्या लोकसंख्येइतके जीव आहेत असें समजावें. हिरवा दिसतो तो पाण्याचा रंग नव्हे, त्या वस्तीचा रंग आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील बहुतेक नियम आपोआप सुचतात.

ह्या बाटलीवर काय अवलंबून असतें, हें कळण्यासाठीं क्लाऊनफिशचें उदाहरण घेऊं. अंगावर पांढरे पट्टे असलेला आणि समुद्रफुलाच्या आश्रयानें राहणारा हा लहानसा मासा. ह्या कुळांतील मासे अंदमान, लक्षद्वीप व मन्नारचें आखात येथील प्रवाळांत सांपडतात. पेटींत हा जोडीनें सुखानें नांदतो व अंडींही घालतो. अंडीं घातल्यापासून सुमारें आठवड्याभरानें, दिवे मालवल्यावर अंधारांत, शेंकडों पिलें एकदम बाहेर पडतात. पिलूं तीन-चार मिलिमीटर लांबीचें. त्याच्या अंगांत अंड्यांतून आणलेली शिदोरी फार थोडी असते, आणि एका दिवसाच्या आंत त्याला खावयास मिळालें पाहिजे. शिवाय तें खातें तें हलतें, जिवंत आणि तोंडांत मावेल एवढेंच अन्न. मोठ्या माशांचें कोरडें खाद्य कितीही बारीक कुटून टाकलें तरी तें त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं.

हें अन्न म्हणजे रोटिफर नांवाचा, मिलिमीटरच्या पांचव्या भागाएवढा प्राणी. आणि हा रोटिफर जगतो हिरव्या पाण्यावर. माशाला स्वतःला तयार करतां न येणारीं, परंतु त्याच्या मेंदूच्या व डोळ्यांच्या वाढीस अवश्य असणारीं स्निग्ध द्रव्यें वनस्पतिप्लवकांत तयार होतात. तीं रोटिफरच्या पोटांतून पिलाच्या पोटांत जातात. उपाशी रोटिफर म्हणजे रिकामी डबी. ती गिळून पिलाचें पोट भरतें, पण पोषण होत नाहीं. तेव्हां पिलें बाहेर पडलेल्या रात्रीं बाटलींतील हिरवें पाणी मेलेलें निघालें, तर दुसरी बाटली मागविण्याइतका अवधि त्या पिलांपाशीं नसतो. दोन-तीन दिवसांत पेटी रिकामी होते. प्रवाळांतून पकडून आणलेल्या माशांवर बाजार चालण्यापेक्षां घरीं व केंद्रांतून वाढविलेल्या माशांवर तो चालावा, ह्यासाठीं ही खटपट मोलाची आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनें क्लाऊनफिशच्या पैदाशीची रीत आपल्या देशांत बसविली आहे. नव्या मुंबईंत ऐरोली येथेंही ही पैदास करण्यांत आली आहे. परंतु मोठें केंद्र असो कीं घरांतील फडताळावरची पेटी असो, पहिली पायरी हिरव्या पाण्याचीच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आपला शेतकरी सुगीनंतर धान्याचे दोन भाग करतो. खाण्याचें धान्य कणगींत भरतो आणि बियाण्याचें धान्य निवडून, राख लावून, निराळ्या मडक्यांत ठेवतो. घरांत कितीही तंगी आली तरी त्या मडक्यास हात लावावयाचा नाहीं, असा दंडक असतो. हिरव्या पाण्याच्या बाबतींत नेमका हाच भेद पुष्कळ हौशी लोक करीत नाहींत. एकच बाटली फ्रीजमध्यें ठेवतात. तिच्यांतूनच रोज खाऊं घालतात. आणि ती संपत आली किंवा वास मारूं लागली कीं उरलेल्या गाळांतून नवें पाणी वाढविण्याची धडपड करतात. हें म्हणजे कणगीच्या तळाशीं राहिलेले किडके दाणे पेरण्यासारखें आहे. वापरावयाचा सांठा ठेवण्याची रीत वेगळी आणि बियाणें राखण्याची रीत वेगळी. दोन्ही क्रमानें पाहूं.

प्रथम वापरावयाचा सांठा. ह्यासाठीं फ्रीज उत्तम. तो कां, हें समजून घेतलें पाहिजे. बाटली झांकून अंधारांत ठेवली कीं पेशींना प्रकाश मिळत नाहीं व अन्न तयार करतां येत नाहीं. परंतु त्या जिवंत असल्यामुळें त्यांचा श्वासोच्छ्वास चालूच राहतो. त्या आपल्याप्रमाणेंच प्राणवायु घेतात, कर्बवायु सोडतात आणि अंगांत सांठविलेल्या तेलावर गुजराण करतात. हा खर्च उष्णतेबरोबर वाढतो व थंडीनें घटतो. सामान्यतः उष्णतामान १० अंशांनीं उतरलें कीं जीवनक्रियांचा वेग निम्म्यावर, कधीं त्याच्याही खालीं येतो. खोलींत २८ अंश सेंटिग्रेड असेल व फ्रीजमध्यें ४ अंश असेल, तर २४ अंशांच्या ह्या उतारानें पेशींचा खर्च पांचपटीहून अधिक कमी होतो. जी शिदोरी बाहेर आठवडाभर पुरली असती ती फ्रीजमध्यें महिन्याहून अधिक पुरते. थंडीनें काळ थांबत नाहीं, तो मंद होतो, एवढेंच.

ह्यावरून कांहीं नियम निघतात. बाटली मधल्या फळीवर ठेवावी. दारांत ठेवली तर दार उघडतां-मिटतां तिला सतत ऊनथंडीचे धक्के बसतात. मागच्या भिंतीस टेंकवून ठेवली तर पाणी गोठण्याचा संभव असतो. आणि गोठणें म्हणजे मरण. पेशींत व पेशींभोंवतीं बर्फाचे टोंकदार कण तयार होऊन पेशींचीं पटलें फाटतात. बर्फ वितळल्यावर पाणी पुन्हां हिरवें दिसतें, म्हणून माणूस फसतो. परंतु तो हिरवा रंग प्रेतांचा असतो. मोठ्या प्रयोगशाळांतून कांहीं प्लवक द्रवरूप नायट्रोजनमध्यें उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षें जिवंत ठेवतात; पण तेथें आधीं संरक्षक द्रव्यें मिसळून व ठरावीक गतीनें थंड करून तें साधलेलें असतें. घरच्या बर्फाच्या कप्प्यांत त्याची नक्कल होत नाहीं.

दुसरा नियम हलविण्याचा. नॅनोक्लोरॉप्सिसला पोहतां येत नाहीं. बाटली स्थिर ठेवली कीं पेशी हळूहळू तळाशीं बसतात व त्यांचा दाट थर जमतो. थराच्या आंतल्या भागांत प्राणवायु पोंचत नाहीं, मळ सांचतो आणि जंतूंचें फावतें. म्हणून रोज एकदां बाटली हलक्या हातानें उलटीसुलटी करावी. सकाळीं चहासाठीं दूध काढतांना हें काम केलें तर त्याचा विसर पडत नाहीं. बाटली गळ्यापर्यंत भरूं नये. चौथा हिस्सा मोकळा ठेवावा, आणि दोन-चार दिवसांनीं झांकण उघडून आंतील हवा बदलूं द्यावी. कारण श्वास घेणाऱ्या कोट्यवधि जीवांना बूच घट्ट लावून कोंडणें बरें नव्हे.

तिसरा नियम शुचितेचा. लागेल तेवढें पाणी स्वच्छ पेल्यांत ओतून घ्यावें. पेटींत बुडविलेली नळी किंवा चमचा बाटलींत कधींही घालूं नये, आणि उरलेलें पाणी परत बाटलींत ओतूं नये. बाटलीवर भरल्याची तारीख लिहावी. नॅनोक्लोरॉप्सिसच्या पेशींचें कवच जाड असल्यानें तो फ्रीजमध्यें चार ते सहा आठवडे टिकतो असें धरून चालावें. सर्व जाति मात्र इतक्या चिवट नसतात. टिसोक्रायसिस हा सोनेरी-तपकिरी प्लवक पिलांस फार पौष्टिक. पण तो मूळचा ताहिती बेटाजवळच्या उबदार पाण्यांतला. १९७७ सालीं तेथून तो वेगळा काढण्यांत आला. त्याला जाड कवच नाहीं व थंडी सोसत नाहीं. त्याची बाटली आठवड्याच्या आंत संपवावी. थोडक्यांत, जो प्लवक जेथला, त्याप्रमाणें त्याचें आयुष्य.

बाटली मेली आहे कीं जिवंत आहे, हें कसें ओळखावें? ताज्या पाण्याला समुद्राचा किंवा नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो. मेलेल्या पाण्याला सडक्या अंड्याचा येतो. रंग गर्द हिरवा असावा; तो पिवळट किंवा मळकट पांढरा होऊं लागला कीं संशय घ्यावा. हलविल्यावर तळचा थर धुरासारखा पसरून पाणी एकजीव झालें पाहिजे; गुठळ्या तशाच राहिल्या तर लक्षण वाईट. नाक व डोळे ह्यांनीं निर्णय होत नसेल तर शेवटची परीक्षा पेरून पाहण्याची. एक भाग हिरवें पाणी चार भाग ताज्या खतयुक्त खाऱ्या पाण्यांत घालून उजेडांत ठेवावें. पांचसहा दिवसांत रंग चढला तर बाटली जिवंत. फिका पडला तर ती टाकावी. संशयित पाणी ‘थोडेंच आहे’ म्हणून पेटींत ओतूं नये. मेलेल्या पेशी कुजतांना अमोनिया सुटतो व कुजविणारे जंतु पाण्यांतील प्राणवायु खातात. मोठ्या पेटींत हें कदाचित् निभावेल. पिलांच्या दहा-वीस लिटरच्या भांड्यांत निभावणार नाहीं.

उन्हाळ्यांत वीज जाण्याचे प्रसंग येतात. चारपांच तास वीज गेली तर फ्रीजचें दार मिटलेलें ठेवावें, म्हणजे झालें. दिवसभर येण्याची चिन्हें नसतील तर बाटली बाहेर काढून, झांकण सैल करून, उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागीं ठेवावी व अधूनमधून हलवावी. उबेंत अंधार फार जाचतो. उबेबरोबर प्रकाश मिळाला म्हणजे पेशी आपलें पोट आपण भरूं लागतात.

आतां बियाण्याकडे येऊं. येथें फ्रीजचा उपयोग नाहीं. धान्याचा दाणा वाळला कीं निजतो व पेरीपर्यंत निजून राहतो. नॅनोक्लोरॉप्सिसला अशी झोंप येत नाहीं. त्याचें बियाणें राखावयाचें तें चालत्या संसाराच्या रूपानेंच, घरांतल्या विरजणासारखें. बाटली विकत आणली त्याच दिवशीं, तिला फ्रीजमध्यें ठेवण्यापूर्वींच, बियाणें काढून घ्यावें. काचेच्या दोन लहान बाटल्या उकळत्या पाण्यानें निर्मळ करून, प्रत्येकींत एक भाग हिरवें पाणी व नऊ भाग ताजें खारें पाणी घालावें. बाटली तिसरा हिस्साच भरावी, तोंडास कापसाचा बोळा द्यावा किंवा झांकण सैल ठेवावें.

खारें पाणी कसें करावें तेंही सांगतों. शुद्ध पाणी उकळून थंड करावें व त्यांत मत्स्यपेटीसाठीं मिळणारें समुद्रमीठ लिटरमागें २५ ते ३० ग्रॅम विरघळवावें. जेवणांतलें मीठ चालत नाहीं, कारण समुद्राच्या पाण्यांत सोडियमखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि अनेक क्षार असतात. खत म्हणून रॉबर्ट गिलार्ड व जॉन रायथर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेलें मिश्रण जगभर वापरलें जातें. त्याच्या निम्म्या तीव्रतेच्या मिश्रणास ‘एफ्-बाय-टू’ म्हणतात. त्यांत लिटरमागें ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट व ५ मिलिग्रॅम सोडियम फॉस्फेट असतें, शिवाय लोह आदि धातूंचे अंश आणि तीन जीवनसत्त्वें. मोजमापाची ही कटकट नको असेल तर तयार द्रावण विकत मिळतें. झाडांना घालावयाचें कोणतेंही खत मात्र अंदाजानें टाकूं नये.

ह्या बाटल्या उत्तरेकडील खिडकींत किंवा साध्या दिव्याजवळ ठेवाव्या. ऊन लागूं देऊं नये, कारण काचेंतील थोडें पाणी पाहतां पाहतां तापतें. रोज एकदां हलवाव्या आणि दोनतीन आठवड्यांनीं प्रत्येकीचा एक भाग नव्या बाटलींत उतरवावा. नवी बाटली हिरवी झाल्यावांचून जुनी टाकूं नये. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवूं नयेत; शक्य असल्यास एक शेजाऱ्याकडे किंवा समानशील मित्राकडे ठेवावी. आणि सर्वांत मोठी खबरदारी रोटिफरची. दिवसाच्या कामांचा क्रम असा असावा कीं आधीं बियाण्याचें काम, मग रोटिफरचें, शेवटीं माशांचें. हा क्रम उलटा करूं नये. ओल्या बोटावरून एक रोटिफर जरी बियाण्याच्या बाटलींत शिरला तरी तो मादी असून नरावांचून प्रजा वाढवितो, आणि थोड्याच दिवसांत हिरवी बाटली काचेसारखी स्वच्छ करून टाकतो.

बियाणें एकाहून अधिक घरीं असावें, हा नियम मोठमोठ्या संस्थांनींही अनुभवानें स्वीकारलेला आहे. अर्न्स्ट प्रिंग्सहाइम ह्या शास्त्रज्ञानें प्रागच्या जर्मन विद्यापीठांत सूक्ष्म शैवालांच्या शेंकडों वंशांचा संग्रह जमविला होता. तो ज्यू असल्यामुळें १९३८ सालीं त्याला देश सोडून इंग्लंडांत आश्रय घ्यावा लागला. त्यानें आपल्या संग्रहांतील वंश तिकडे नेले, आणि त्यांतूनच केंब्रिजचा संग्रह उभा राहिला. १९५३ सालीं तो जर्मनींत गटिंगेन येथें परतला व तेथें त्यानें आणखी एक संग्रह स्थापन केला. केंब्रिजमधील वंश अमेरिकेसही गेले व आतां टेक्सस विद्यापीठांत आहेत. युद्ध झालें, राज्यें पालटलीं, मूळ माणूसही १९७० सालीं निवर्तला; परंतु एका नळींतून दुसऱ्या नळींत उतरवीत नेल्यामुळें ते वंश टिकले.

असेंच दुसरें उदाहरण आयसोक्रायसिसचें. १९३८ सालीं आयल ऑफ मॅनमधील पोर्ट एरिन येथें हा प्लवक वेगळा काढण्यांत आला. मेरी पार्क ह्या शास्त्रज्ञ बाईंनीं १९४९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. कालवांच्या पिलांना मानवेल असें अन्न शोधतां शोधतां तो हातीं आला. पुढें १९८१ सालीं आपल्या देशांत तुतिकोरिन येथें मोत्यांच्या कालवांचीं पिलें प्रयोगशाळेंत वाढविण्यांत यश आलें, तेव्हां त्यांच्या मुखीं घालावयाचें अन्न हाच प्लवक होता. कोठला तो इंग्लंडच्या पश्चिमेचा समुद्र आणि कोठलें मन्नारचें आखात! मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कोणीतरी न चुकतां बाटल्या बदलल्या, म्हणून हें घडलें.

श्रोतेहो, ज्यांना समुद्री माशांचीं पिलें वाढविण्याची हौस आहे त्यांना शेवटीं एक सूचना करावीशी वाटते. माशांची जोडी आणण्याच्या आधीं हिरव्या पाण्याची एक बाटली आणावी. एक भाग फ्रीजमध्यें ठेवावा, दोन लहान बाटल्या खिडकींत ठेवाव्या, आणि दोन महिने त्यांची निगा राखून पाहावी. रोजचें काम पांच मिनिटांचें आहे. पण तें रोज केलें पाहिजे. दोन महिन्यांनीं, तीनचार वेळां बाटल्या पालटूनही खिडकींतील पाणी हिरवेंगार असेल, तर खुशाल मासे आणावे. तें फिकें पडलें असेल तर नुकसान चार बाटल्या पाण्याचें झालें, शेंकडों पिलांचें नव्हे. आणि दुसरी बाटली आणून पुन्हां आरंभ करावयास कोणाचीच हरकत नाहीं.